मंत्र काठीचा, तलवारीचा नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कल्पनाविश्वातील भूमिका-खेळांविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख आवडला. परंतु ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळातील ड्रुइड, म्हणजे निसर्गाच्या शक्तीने जादू करणारा साधू, हा ‘हातातले कोणतेही शस्त्र मंतरतो’ असे त्यात म्हटले आहे, ते दुरुस्त करणे आवश्यक वाटते. ‘शिलेली’ हा मंत्र केवळ सोटा किंवा लांब काठी यांवरच चालतो आणि त्याची सारी गंमत याच अटीत आहे.

शिलेली हे मुळात आयर्लंडमधील गाठाळ सोट्याचे नाव आहे. २०१४च्या नियमांत मंत्रासाठी सोट्याखेरीज शॅमरॉक या तीन दलांच्या आयरिश रोपाचे पान आणि बांडगूळही लागते. आपल्याकडे बांडगूळ म्हणजे शिवी. पण प्राचीन काळचे खरे ड्रुइड, म्हणजे केल्टिक पुजारी, ते सोन्याच्या विळ्याने कापत, असे रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवले आहे.

आता हिशेब पाहू. २०१४च्या नियमांनुसार हा मंत्र एक मिनिट टिकतो, वाराचे नुकसान ठरवणारा काठीचा फासा आठ बाजूंचा होतो, काठी जादूचे शस्त्र ठरते आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वार करताना ताकदीऐवजी ड्रुइडची प्रज्ञा धरली जाते. ताकद १० आणि प्रज्ञा १६ असलेला पहिल्या पातळीचा ड्रुइड घेतला, तर साध्या काठीने एका हाताने केलेल्या वाराचे सरासरी नुकसान ३.५ भरते, मंतरलेल्या काठीने तेच ७.५ होते; शिवाय १३ संरक्षणांकाच्या (म्हणजे वार लागण्यासाठी गाठावा लागणारा आकडा १३ असलेल्या) शत्रूवर वार लागण्याची शक्यता ५० टक्क्यांवरून ६५ टक्क्यांवर जाते. दंडात बळ नसलेला म्हातारा साधू पुढच्या रांगेत उभा राहू शकतो, तो यामुळे. हाच मंत्र तलवारीवर चालला असता, तर ड्रुइड आणि योद्धा यांत फरक तो काय उरला असता?

पाचव्या पातळीला योद्ध्याला दुसरा वार मिळतो आणि ड्रुइडची काठी मागे पडते, ही तक्रार मात्र रास्त होती. २०२४च्या नियमांत फासा पाचव्या पातळीला दहा बाजूंचा, अकराव्या पातळीला बारा बाजूंचा होतो आणि सतराव्या पातळीला सहा बाजूंचे दोन फासे मिळतात. हा बदल मला योग्य वाटतो, कारण त्याने काठीची अट सैल केलेली नाही.

खेळ चालवणाऱ्यांना एकच विनंती आहे. काठी हातातून सुटताच मंत्र संपतो, हा नियम बहुतेक जण विसरतात आणि ड्रुइडने खाली टाकलेली काठी पुढच्या फेरीत पुन्हा उचलली, तरी ती मंतरलेलीच आहे असे धरून फासे टाकतात. प्रत्यक्षात त्याला मंत्र नव्याने म्हणावा लागतो आणि त्या फेरीतील जादा कृती त्यात खर्ची पडते.

आपला नम्र,
एक वाचक