आधी कॉट बेसिसवर राहून बघा

संपादक महोदय,
स. न.

बाहेरगावच्या विद्यार्थ्यांनी गोंगाटात अभ्यास कसा करावा, यावरचा कालच्या अंकातला लेख वाचला. कानात बोळे घाला, ध्यान करा, पहाटे उठा. आभारी आहे. पहाटे उठायचं तर रात्री झोप लागावी लागते, एवढंच लेखक महाशयांच्या नजरेतून सुटलं.

मी कॉट बेसिसवर राहतो, म्हणजे खोली सगळ्यांची, भाड्याने फक्त एक कॉट. त्यात मला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकवणं अवघड जातं असा विकार. निदान डॉक्टरांनी केलंय, इन्स्टाग्रामने नाही, हे आधीच सांगतो. नंतर तेच विचारतात. मोठ्या आवाजाचं माझं भांडण नाही. गणपतीआधी नदीपात्रातला ढोल-ताशांचा सराव आमच्या खोलीत ऐकू येतो, त्यात मी राज्यघटनेची कलमं पाठ केली आहेत. एका लयीतला आवाज डोकं थोड्या वेळाने सोडून देतं. खडखडणारा टेबल फॅन तर मी मुद्दाम लावतो. घात होतो तो शेजारच्या कॉटवरच्या मोबाइलने. इयरफोन न लावता रील्स. क्षणात कोणी भाषण देतंय, क्षणात गाणं, मध्येच कोणीतरी खिदळतंय. यातलं काय गाळायचं हे माझ्या डोक्याला ठरवता येत नाही, ते सगळंच आत घेतं. बोळे घातले की शब्द पुसट होतात, बंद होत नाहीत. मग तो काय म्हणाला हे ओळखण्यात आणखी वेळ जातो.

खरा राग घरमालकीणबाईंवर आहे. काकूंना इतकंच म्हटलं, दाराजवळची कॉट बदलून आतल्या भिंतीकडची द्या आणि रात्री दहानंतर इयरफोनचा नियम करा. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. काकूंनी चष्मा लावून ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, "आमचा मुलगा रेल्वेलाइनशेजारी राहून सीए झाला. मनात असलं की सगळं होतं रे." वर भिंतीकडच्या कॉटचे पाचशे जास्त. दारामागे नियमांचा लॅमिनेट केलेला कागद आहे: गॅलरीत चपला ठेवू नयेत, गीझर सातनंतर बंद, पाहुणा आल्यास कळवावे. आवाजाला तेवढी त्यात जागा उरली नाही.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे म्हणे. ती नवी पेठेत कोणी मोजत असेल तर दर्शन घ्यायला आवडेल. पण शेजारच्या रीलसाठी ११२ ला फोन लावला, तर पोलीस मलाच उचलतील.

मग सगळे सांगतात, अभ्यासिकेत जा. जातो की. तिथे इतकी शांतता असते, की कोणी पेनचं बटण टकटक दाबलं तरी मान वळते, आणि पुढचा अर्धा तास मी तो पुन्हा कधी दाबतोय याचीच वाट बघतो. पैसे वेगळे. कॉट, मेस, अभ्यासिका, महिन्याच्या गोळ्या, हे घरी फोनवर सांगताना आवाज माझाच खाली येतो.

ता. क. त्या लेखाच्या खालीच एका अभ्यासिकेची पाव पान जाहिरात होती: एसी, वायफाय, संपूर्ण शांतता. दर छापलेले नाहीत. तेवढे कळवावेत.

आपला,
एक कॉटधारक, नवी पेठ, पुणे