सुतारमामा, तुम्ही आमचं काम कमी केलंत म्हणून

मामा नमस्कार,

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो ताई त्यात काय" म्हणून फोन ठेवून देता, म्हणून आता लिहितेच आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय कारण आमच्या बिल्डिंगमधे सध्या तीन घरांत इंटिरियरची कामं चालू आहेत आणि जो तो मला म्हणतो तुमच्या हॉलचे फोटो पाठवा ना. फोटो पाठवते मी, पण तुम्ही काय केलंत ते फोटोत दिसत नाही.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा माझ्या मोबाईलमधे घरांचे तीनेकशे फोटो होते. सगळ्यांत पांढऱ्या भिंती, राखाडी सोफा, फिकट लाकूड. तुम्ही न कंटाळता शेवटपर्यंत बघितलेत आणि मग एकच विचारलंत, "ताई, तुम्ही संध्याकाळी बसता कुठे?" मी म्हणलं खिडकीपाशी, खाली, चटई टाकून. "आणि पाहुणे?" ते पण थोड्या वेळानं खालीच येतात. "मग सोफा कुणासाठी?" मला उत्तर देता आलं नाही. कोथरूडला फ्लॅट घेऊन आम्हाला चार महिने झाले होते, दोन ठिकाणांहून कोटेशनं आली होती, थ्रीडी चित्रं पण झाली होती, पण हे कुणीच विचारलं नव्हतं.

मग तुम्ही रद्दीतले पेपर मागवलेत आणि सात फुटी सोफा आणि टीपॉयच्या मापात जमिनीवर चिकटपट्टीनं लावून दिलेत, म्हणालात आठ दिवस याच्यावर पाय न देता घरात वावरा. आमचा हॉल दहा बाय चौदा. दुसऱ्याच दिवशी कळलं की बाल्कनीकडे जायला जेमतेम दीड फूट उरतोय, कपड्यांची बादली घेऊन आडवंच व्हावं लागतं, आणि मुलगी जिथे पसारा मांडून खेळते नेमकी ती जागा गेली. आठ दिवस पूर्ण पण नाही केले आम्ही, पाचव्या दिवशी पेपर उचलले.

रंगाचंही तसंच. मला पांढराशुभ्रच हवा होता. तुम्ही दुपारी चार वाजता पांढऱ्या सनमायकाचा तुकडा भिंतीला टेकवून ठेवलात, पश्चिमेचं ऊन थेट त्यावर, एप्रिल महिना, डोळे दिपले माझे. ती फोटोतली स्टाईल मूळची स्वीडन-डेन्मार्ककडची, तिकडे हिवाळ्यात दुपारीच अंधार पडायला लागतो त्यामुळे मिळेल तेवढा उजेड घरात फिरवायला पांढऱ्या भिंती लागतात, त्यांचं बरोबरच आहे. आपल्याकडे उजेड कमी नाहीये, तो थोडा मऊ करायचा असतो. मग दोन-दोन फुटांचे तीन रंगांचे चौकोन भिंतीवर मारून सकाळ-दुपार-रात्र बघितले आणि भाताच्या तुसासारखा जो आहे तो निवडला. ट्यूबलाइटचा पांढरा उजेड पण काढला, 6500 केल्विनच्या जागी 2700 चे पिवळसर दिवे लावले, रात्री तोच रंग इतका छान दिसतो की मी कधीकधी नुसती बघत बसते.

पण खरे आभार दिवाणाचे. वाईच्या घरातून आलेला आजीचा दिवाण, त्याच्यावर हिरव्या ऑइलपेंटचे थरावर थर, मी तो भंगारवाल्याला द्यायचं ठरवलंही होतं. तुम्ही पटाशीनं पायाच्या खालून जरासं खरवडलंत आणि तो तुकडा माझ्या नाकाशी धरलात. तो वास! आजीच्या माजघराचाच. सागवानाच्या अंगातच तेल असतं, म्हणून इतक्या वर्षांत त्याला वाळवी लागली नाही असं तुम्ही सांगितलंत. जुन्या रंगात शिसं असू शकतं म्हणून कोरडा घासू दिला नाहीत, रिमूव्हर लावून ओल्यानंच सगळा रंग काढलात, तोंडाला मास्क, आणि मुलीला तीन दिवस त्या बाजूला फिरकू दिलं नाहीत, हे मी विसरणार नाही. मग स्पिरिटमधे चपडा, म्हणजे पॉलिशची लाख, विरघळवून कापडाच्या बोळ्यानं पॉलिश, आणि शेवटचे दोन हात तुम्ही मला मारू दिलेत. मी कोपऱ्यात एका जागी जास्त घासलं तिथे डाग राहिलाय. तो राहू दे.

हिशोबाचं पण बोलायला हवं. आम्ही चार लाख बाजूला काढले होते आणि तुम्हाला ते माहीत होतं. सोफा, टीव्ही युनिट, फॉल्स सीलिंग, सगळं काम तुम्हालाच मिळणार होतं. तुम्ही एक-एक करत "हे नको, हे पण नको" म्हणत गेलात आणि शेवटी सगळं मिळून एक लाख दहा हजारात झालं. स्वतःच्या पोटावर पाय देऊन असं कोण सांगतं मामा? मी तेव्हा काहीच बोलले नाही, घरी आल्यावर नवऱ्याला सांगताना रडू आलं.

तुम्ही गेल्यावर एक गोष्ट मी माझी मी केली. आजीचं इरकली लुगडं पेटीत होतं, नऊवारी म्हणजे सत्तावीस फूट, त्यात काठासकट तीन पडदे झाले, खिडकीचे दोन आणि देवघराचा एक. कुणाला विचारलं नाही, कुठला फोटो बघितला नाही, तुमच्यासारखंच आधी जुन्या चादरी टांगून बघितल्या आणि मग कात्री लावली. तुम्ही मला आपलं घर बघायला शिकवलंत म्हणून ती कात्री लावायचा धीर झाला. आजीचं तांब्याचं घंगाळ पण तांबट आळीत नेऊन परत मठारून, म्हणजे हातोडीनं ठोके देऊन, आणलंय, तुम्हीच म्हणाला होतात.

दिवाळीत मामींना घेऊन या. दिवाणावर बसा, पाय वर घेऊन, मी चहा करते. आणि हो, गरम कप थेट ठेवला की चपड्यावर पांढरा गोल उठतो म्हणाला होतात ना, म्हणून दिवाणाशेजारी पाट ठेवलाय, कप त्यावर.

तुमची,
कोथरूडची ताई