पुढे काय झालं, काका?

कराड,
आषाढातला रविवार

प्रिय विन्या,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उशीर झाला म्हणून शिव्या घालू नकोस. जूनपासून बँकेत पीककर्जाची गर्दी आहे, आणि घरी आमच्या कन्येने नववीत गेल्यापासून बोलणंच बंद केलंय. विचारलं तर म्हणते, “काही नाही बाबा.” तिला काय झालंय ते मला कळत नाही. तिला तरी कळत असेल की नाही, देव जाणे.

तू सोसायटीतल्या पोरांना रविवारी गोष्टी वाचून दाखवतोस हे वाचून बरं वाटलं. पहिल्याच फटक्यात जेम्स जॉइस या आयरिश लेखकाची ‘ॲरबी’ घेतलीस, हे मात्र धाडस झालं. आठवी-नववीची पोरं ती! गोष्ट संपल्यावर एकाने “पुढे काय झालं, काका?” म्हणून विचारलं आणि तुझी दांडी गुल झाली. मला हसू आलं. पण पोराने बरोबर जागी बोट ठेवलंय रे. पुढे काही होतच नाही. पोरगा जत्रेत उशिरा पोचतो, दिवे मालवतात, गोष्ट खलास.

मी ती गोष्ट परवा पुन्हा काढली आणि सवयीने हिशेब मांडला. शेजारच्या मित्राच्या बहिणीवर पोराचा जीव. तिला ‘ॲरबी’ नावाच्या त्या जत्रेच्या बाजाराला जाता येणार नसतं, तर हा बोलून जातो की मी गेलो तर तुझ्यासाठी काहीतरी आणीन. शनिवारी रात्री काका उशिरा घरी येतो, पोराला बाजाराला जायचंय हेच विसरून. शेवटी पोराच्या हातात पडतो एक फ्लोरिन, म्हणजे दोन शिलिंग, म्हणजे २४ पेनी. रिकाम्या गाडीने तो निघतो आणि दहाला दहा मिनिटं कमी असताना पोचतो. सहा पेनींचं दार सापडत नाही, आणि बाजार बंद होईल या धास्तीने तो एक शिलिंग मोजून आत शिरतो. शेवटी खिशात खुळखुळतात आठ पेनी. २४ वजा १२ वजा ८, उरले चार. ते गाडीला गेले असणार. समोर चिनी मातीच्या फुलदाण्या आणि नक्षीचे कपबशीचे सेट. आठ पेनीत त्यातलं काय येणार, विन्या? ती विकणारी बाई दोन तरुणांशी गप्पा मारत नसती, तरी पोरगा रिकाम्या हातानेच परतला असता. लेखक हे कुठेही सांगत नाही. दोन पेनी सहा पेनींच्या नाण्यावर पडू देतो, तेवढाच आवाज ऐकवतो.

याच्या शेजारी प्रेमचंदांची ‘ईदगाह’ ठेव. ती १९३३ची, ‘ॲरबी’ १९१४च्या ‘डब्लिनर्स’ या कथासंग्रहातली. दोघांचा संबंध काही नाही, पण दोन्हीकडे एक पोरगा थोडे पैसे घेऊन जत्रेला जातो आणि दोन्हीकडे मनात एक बाई आहे. ‘ईदगाह’मधल्या हमीदकडे तीन पैसे. बाकीची पोरं मिठाया खातात, मातीचा शिपाई, भिश्ती घेतात. हा लोखंडाच्या दुकानापाशी थांबतो, कारण तव्यावरून पोळी काढताना आजीचे हात भाजतात. दुकानदार चिमट्याचे सहा पैसे सांगतो, मग पाचावर येतो, आणि शेवटी तिनात देतो. शाळेत ही गोष्ट आपल्याला ‘त्याग’ म्हणून शिकवली होती, आठवतं? दोन मार्कांचं उत्तर होतं. पण शेवटच्या ओळी बघ. आजी, म्हणजे अमीना, आधी रागावते, मग पदर पसरून रडते, हमीदला दुवा देत राहते, आणि हमीदला त्यातलं रहस्य कळत नाही. लेखक स्वतः म्हणतो की तो काय समजणार! म्हणजे ज्याने मोठेपणा केला त्यालाच त्याचा पत्ता नाही. तो पत्ता आपल्याला लागतो, आणि आजीला.

माझं म्हणणं एवढंच आहे. पोरगा वाढतो तेव्हा त्याला ते ठाऊक नसतं. ठाऊक असतं ते सांगणाऱ्याला. म्हणून अशी गोष्ट हातात घेतली की तात्पर्य शोधू नकोस, आधी सांगणारा त्या पोरापासून किती लांब उभा आहे ते बघ. ‘ॲरबी’त ‘मी’ बोलतो खरा, पण ती भाषा पोराची नाही. खूप वर्षांनी, स्वतःवर जरा चिडलेला एक बाप्या बोलतोय. शेवटच्या वाक्यात तो पोराला जे झोडपतो, ते त्या रात्री पोराला सुचणंच शक्य नाही. तुझ्या पोरांना विचार, हा माणूस आता किती वर्षांचा असेल? बघ किती भांडतील.

आणि अगदी दुसऱ्या टोकाला आपला लंपन. प्रकाश नारायण संत इथेच कराडात भूगर्भशास्त्र शिकवायचे, दगडमातीचे थर. त्यांचं लंपनच्या गोष्टींचं ‘वनवास’ १९९४मध्ये आलं. आईवडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे राहणारा पोरगा, बेळगावकडचं कानडी हेल असलेलं बोलणं, उठता बसता ‘मॅड’. तिथे मोठा माणूस मध्ये तोंड घालतच नाही. लंपनला आत काहीतरी हलल्यासारखं होतं, त्याला नाव देता येत नाही, आणि लेखकही देत नाही. मैत्रीण सुमीबद्दल त्याला जे वाटतं ते वाचणाऱ्याला पहिल्या पानावर कळतं, त्याला पुस्तकभर नाही. तुझ्या शहरातल्या पोरांना भाषा जड जाईल, पण मोठ्याने वाच. ती कानाने कळते.

आता टागोरांची ‘छुटी’, म्हणजे सुट्टी. (ही पोरांना इतक्यात वाचू नकोस. मी वाचली आणि दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.) फटिक नावाचं तेरा-चौदा वर्षांचं गावातलं व्रात्य पोर मामाबरोबर कलकत्त्याला शिकायला जातं. मामीला ते नकोसं. घरी कधी जायचं, तर सुट्टी लागल्यावर. मध्येच टागोर थांबतात आणि या वयाबद्दल बोलतात: हे पोर शोभेलाही नाही आणि कामालाही नाही, बोबडं बोललं तर लाडीगोडी वाटते, मोठ्यासारखं बोललं तर आगाऊपणा. कपडे अचानक आखूड होतात. गळ्यातली गोडी जाते, आणि लोक मनातल्या मनात तो पोराचाच गुन्हा धरतात. गोष्टीची सुरुवात नदीकाठच्या लाकडाच्या ओंडक्याने होते. शेवटी तापात फटिक बोटीवरच्या खलाशांसारखं पाणी किती खोल ते मोजत राहतो, आणि तळ लागत नाही.

गळ्यातली गोडी जाते, या वाक्याशी मी अडलो. तुला आठवीचा जून आठवतो का? सातवीपर्यंत शाळेत प्रार्थना माइकवर मी म्हणायचो. त्या वर्षी पहिल्याच आठवड्यात वरच्या सुरावर आवाज फाटला. आधी पहिली रांग हसली, मग सगळं मैदान. दुसऱ्या दिवशी माइकसमोर सहावीतला एक पोरगा उभा होता. मला कुणी काही बोललं नाही, रागावलं नाही, समजावलंही नाही. मी गुपचूप मागच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. घरी आईने विचारलं तर म्हणालो, “काही नाही.”

हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यात सांगण्यासारखं काही आहे हेच चाळीस वर्षं वाटलं नाही. परवा कन्येचं ते “काही नाही बाबा” ऐकलं आणि मैदान डोळ्यांपुढे आलं. तिला खोदून विचारायचं मी तेव्हापासून बंद केलंय. संध्याकाळी नुसता शेजारी बसतो, ती मोबाइल बघते, मी पेपर. काल तिने आपणहून चहा केला. साखर विसरली. मी प्यायलो.

तुझा आवाज माझ्याआधी फुटला होता, आणि तुझी जागा तिसऱ्या रांगेत होती. तरी त्या दिवशी तू मागे येऊन माझ्या शेजारी उभा राहिलास. मी तिरक्या डोळ्याने बघितलं, तुझे ओठ हलत होते, पण आवाज ऐकू येत नव्हता. तू खरंच हळू म्हणत होतास, की माझ्यासाठी नुसते ओठ हलवत होतास?

आठवत असेल तर कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुध्या