काळी आणि पांढरी

पुणे
मार्गशीर्ष

प्रिय ज्ञानू,

परवा फोनवर बोलता बोलता तू मधेच विचारलंस, "मधू, त्या पांढरीवरची माणसं शेवटी गेली का रे?" मी "पाऊस गेला म्हणून गेली" एवढंच म्हणालो आणि आपण दुसरं बोलत राहिलो. रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं, की तू आपल्या इनामगावच्या टेकाडात, त्या पांढरीच्या मातीखाली, सापडलेल्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या गावाचा इतिहास विचारत नव्हतास. विहिरीचा तळ दिसतोय, आवर्तन लांबलंय, थोरला मुलगा चाकणला चला म्हणून मागे लागलाय, हे सगळं त्या प्रश्नात होतं. त्याला एका वाक्यात उत्तर देणं बरं नव्हे. म्हणून बसून लिहितोय. पत्र लांबेल, पण तुझ्याकडे हल्ली संध्याकाळी वेळ असतो असं वहिनी म्हणाल्या.

आपण सहावीत होतो त्या हिवाळ्यात तुझे आबा खोदकामावर रोजंदारीला जायचे, आठवतं ना? शाळा सुटली की आपण त्यांचा डबा घ्यायच्या निमित्ताने टेकाडावर धावायचो. दोऱ्या लावून आखलेले चौकोन, कडेला मातीचे ढीग, खापरं धुऊन वाळत घातलेली. आबांच्या हातात खुरपं असायचं आणि भुईमूग काढावा तशी ते हलक्या हाताने माती सोडवायचे. एक दिवस दोन मडकी निघाली. आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवलेली. आबांनी खुरपं खाली ठेवलं, टोपी काढून मांडीवर घेतली आणि आपल्याला म्हणाले, "पोरांनो, घरी जा." रात्री चुलीपुढे तुझ्या आईने विचारलं तेव्हा एवढंच बोलले, "लेकरू होतं. घरातच पुरलं होतं, चुलीपासून चार हातांवर." त्यांचा तो आवाज माझ्या कानात अजून आहे. माझं पुढचं सगळं वाचन तिथून सुरू झालं असं मी मानतो.

नंतर मी वाचत गेलो आणि आबांनी काय पाहिलं ते हळूहळू उलगडलं. डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर आणि डॉ. अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथे हंगामामागून हंगाम खोदकाम केलं. एखादा खोल खड्डा घेऊन थर मोजायचे आणि निघून जायचं, असं त्यांनी केलं नाही. आडवं पसरत गेले, घराला लागून घर उघडं केलं. शंभराहून जास्त घरं आणि दोनशेहून जास्त दफनं मिळाली. आपल्या महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांचं इतकं अख्खं गाव दुसरीकडे उघडं झालेलं नाही. नगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेला तो बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सगळ्यांना ठाऊक असतात. साठ किलोहून जास्त वजनाची ती धातूची जनावरं आहेतच तशी देखणी. पण मला विचारशील तर इनामगावची चूल त्याहून मोठी. राजाची नाही, शेतकरणीची चूल आहे ती.

आता तुझा प्रश्न. माणसं गेली का, याच्या आधी ती राहिली कशी ते सांगायला हवं.

इ.स.पू. १६०० च्या सुमारास पहिली वस्ती झाली. माळव्याकडे मिळतात तशी भांडी वापरणारी ती माणसं. इ.स.पू. १४०० च्या आसपास भांडी बदलली. लाल अंगावर काळी नक्षी, चांगली भाजलेली, टिचकी मारली तर धातूसारखी खणखणणारी. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी ती आधी सापडली म्हणून त्या सगळ्या संस्कृतीलाच जोर्वे नाव पडलं. तोटीचं भांडं ही त्यांची खूण. घरं चौकोनी, कुडाच्या भिंती मातीने लिंपलेल्या, वर गवताचं छप्पर. घरात धान्याच्या कणग्या, चुन्याने लिंपलेली पेवं. जव हे मुख्य पीक, शिवाय मसूर, कुळीथ, वाटाणा. गाई-बैल, शेळ्या-मेंढ्या. कुंभार आणि चुना भाजणारे गावाच्या पश्चिम कडेला, खातीपिती घरं मध्यावर. त्यांतलं एक घर पाच खोल्यांचं आणि त्याला लागून धान्याचं कोठार. ते गावच्या मुखियाचं असावं असं खोदणाऱ्यांनी मानलं आणि ते पटतं. धान्य ज्याच्या दाराशी गोळा होतं, गाव त्याचंच ऐकतं.

आणि हे नीट वाच, ज्ञानू. त्यांनी नदीच्या पुराचं पाणी वळवून घ्यायला दगडमातीचा बांध घातला होता आणि पाट काढला होता. म्हणजे आपल्या घोड नदीकाठचा पाऊसकाळ बेभरवशाचा आहे हे तीन हजार वर्षांपूर्वीही लोकांना कळलेलं होतं. लोखंड नव्हतं. तांबं होतं, पण मोजकंच. दगडाच्या पात्या, लाकूड आणि हात, एवढ्यावर त्यांनी तो पाट काढला. पाळी लावून पाणी घेत असतील का? भांडत असतील का? असतीलच.

मग इ.स.पू. १००० च्या सुमारास सगळं बदलायला लागलं. मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. तीनचार झोपड्या जवळजवळ, एका कुटुंबाच्या. खोदकामाचा नकाशा पाहिला तेव्हा मला पावसाळा उतरल्यावर आपल्या माळावर पडणारे धनगरांचे वाडे आठवले. भांड्यांवरची नक्षी कमी झाली, भांडी ओबडधोबड झाली. उकिरड्यातल्या हाडांत शेळ्या-मेंढ्यांची आणि हरणांची हाडं वाढली. म्हणजे जवाच्या रानावर भागेना, तेव्हा ते जनावरांमागे आणि शिकारीमागे वळले. पाऊस कमी होत गेला म्हणून हे झालं, असं ढवळीकरांचं म्हणणं. सगळ्या अभ्यासकांना ते तसंच्या तसं पटलेलं नाही. नुसत्या पावसावर सगळा भार टाकू नये असं काहीजण म्हणतात, आणि फोनवर मी नेमकं तेच केलं. कारण काहीही असो, त्या काळातल्या तान्ह्या मुलांच्या हाडांवर एक गोष्ट उमटलेली आहे. त्यांची वाढ खुंटलेली होती. त्यावर वाद घालायला माझं मन होत नाही.

पण ती लगेच निघून गेली नाहीत. माझं सगळं सांगणं इथे येऊन थांबतं. चांगले दिवस सरल्यावरही ती माणसं तिथे आणखी तीनशे वर्षं राहिली. तीनशे! आपल्या घराण्यांच्या किती पिढ्या होतात बघ. घर बदललं, ताट बदललं, भांडं बदललं, पण जागा धरून ठेवली. इ.स.पू. ७०० च्या आसपास केव्हातरी टेकाड रिकामं झालं.

जागा का धरून ठेवली असेल, याचा विचार करताना मला आबांचं ते लेकरू पुन्हा पुन्हा आठवतं. मूल गेलं की दोन मडक्यांत ठेवायचं, तोंडाला तोंड लावायचं आणि घराच्या जमिनीखाली आडवं पुरायचं. शेजारी तोटीचं भांडं आणि वाडगा ठेवायचा, तहान लागली तर असावं म्हणून असेल. ही त्यांची रीत. आपल्याकडे अजूनही तान्ह्या बाळाला जाळत नाहीत, पुरतात. फक्त आपण गावाबाहेर नेतो, ती घरात ठेवत. आई ज्या जमिनीवर सारवण घालायची, त्याच्याच खाली बाळ. गोल झोपड्यांच्या काळातही ही रीत सुटली नाही. नक्षी सुटली, ही नाही सुटली.

मोठ्या माणसालाही तिथेच पुरत, उताणं, पण पावलं घोट्यापाशी तोडून. पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. मेलेल्याने उठून भूत होऊन हिंडू नये म्हणून असं करत असावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. वय वाढलं तसं मला त्यात भीतीपेक्षा दुसरं काहीतरी दिसायला लागलं. आपल्या माणसाला गावाबाहेर टाकून देणं त्यांना कधीही जमलं असतं. त्यांनी त्याला घरात ठेवलं आणि तो इथून जाणार नाही अशी तजवीज केली. "जाऊ नकोस" हे त्यांनी त्यांच्या पद्धतीने म्हटलं असेल. हे माझं मत, पुस्तकातलं नव्हे.

एकाच माणसाचं वेगळं आहे. तेही एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, इ.स.पू. १००० च्या सुमाराचं. कच्च्या मातीचा मोठा रांजण, त्याला चार आखूड पाय, पोटासारखा फुगीर, आणि आत चाळिशीचा एक पुरुष बसवलेला. त्याची पावलं तोडलेली नाहीत. सोबतच्या एका भांड्यावर नाव रंगवलेली आहे, लांब वल्ह्यांची. घोडेला नाव लागावी एवढं पाणी मी आयुष्यात पुरातच पाहिलंय. ती नाव बहुधा या नदीची नव्हेच. पैलतीराची असेल. मेल्यावर पाणी ओलांडून जायचं असतं ही समजूत आपल्याकडे किती जुनी आहे बघ. पाय शाबूत ठेवले आणि नावही दिली. त्या एकट्याला जायची परवानगी होती जणू.

देवीचं सांगायचं राहिलं. एका घराच्या जमिनीत मातीचा लांबट गोल डबा पुरलेला सापडला, झाकणासकट. आत एक बाईची मूर्ती. वर दुसरी बाई, तिला डोकं नाही, आणि सोबत एक बैल. सगळं कच्च्या मातीचं. त्या बिनडोक्याच्या बाईच्या पोटाला भोक आणि बैलाच्या पाठीला भोक. दोन्हींत काडी घातली की ती बैलावर बसते. कुणीतरी घरातल्या घरात करून पूजली, आणि पूजा झाल्यावर निगुतीने पुरून ठेवली. तुमच्या आईने पोळ्याला मातीचे बैल करून देव्हाऱ्यापुढे मांडलेले मी पाहिलेत. त्या बोटांची आणि या बोटांची ओळख पटायला मला कुठल्याही पुस्तकाची गरज वाटली नाही.

तर अशी ही माणसं. देवी घरात पुरलेली, लेकरं घरात, पावलं तोडलेले आजेपणजे घरात. एवढं सगळं जमिनीखाली असताना तीनशे वर्षं ओढाताण करून ती शेवटी उठली आणि गेली. घाबरून एका रात्रीत नव्हे. आणि मला नाही वाटत कुणी त्यांना गाव सोडलं म्हणून नावं ठेवावीत. सगळं करून झालं होतं त्यांचं. तूही वीस वर्षांत काय काय केलंस ते मी पाहिलंय. ठिबक केलंस, ऊस सोडून तुरीवर आलास, शेळ्या घेतल्यास. तू राहिलास तरी माझं म्हणणं नाही आणि गेलास तरी नाही. फक्त "मी बापाची काळी टाकून चाललो" असं जे तू त्या दिवशी बोललास ना, ते मला सोसलं नाही.

काळीवरून आठवलं. आपल्याकडे पिकते ती काळी आणि जिथे माणूस वसतो ती पांढर. ती पांढरी का असते? चुलीतली राख, पडलेल्या भिंती, चुना, शेण, माणसांनी शेकडो वर्षं राहून केलेली माती ती. आणि तुझे आजोबा, गावातले सगळेच, खोदकाम सुरू व्हायच्या कितीतरी आधी तीच पांढरीची माती गाड्या भरभरून नेऊन रानात टाकायचे, खत म्हणून. आबांनीच सांगितलं होतं. तुमच्या ओढ्याकडच्या पट्टीत नांगराला काळ्या नक्षीची खापरं लागतात ती त्या गाड्यांतून आलेली. म्हणजे त्या बायकांच्या चुलीची राख तुझ्या तुरीच्या मुळाशी आहे. जमिनीचा सौदा होईल तेव्हा होईल, सातबाऱ्यावर हे कुठे लिहिलेलं नाही आणि कुणाला विकताही येत नाही.

मी पुढच्या रविवारी येतोय. सकाळच्या एस.टी.ने न्हावरा फाट्याला उतरेन, तू किंवा धाकटा गाडी घेऊन ये. जेवण झालं की आपण दोघं आधी टेकाडावर जाऊ. आता तिथे फारसं काही दिसत नाही, पण आबा जिथे टोपी काढून बसले होते ती जागा मला अजून दाखवता येईल असं वाटतं. मग ओढ्याकडच्या पट्टीत. तुझ्या मुलांनी ती खापरं नीट हातात घेऊन पाहिली आहेत का कधी? थोरल्यालाही त्या दिवशी बोलावून घे.

वहिनींना सांग, भाकरी आणि कुळथाचं पिठलं. दुसरं काही नको.

तुझा,
मधू