गाणी झाली, अल्बमचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत २०२४ च्या गाण्यांवर अख्खं पान होतं ते वाचलं. 'गुलाबी साडी' आली, 'तांबडी चामडी' आली, केरळच्या हनुमानकाइंड या रॅपरचं 'बिग डॉग्स' पण आलं. तक्रार नाही, 'गुलाबी साडी'वर मी स्वतः दोन लग्नांत नाचलेय आणि एका बारशात पण. पण पूर्ण पानभर अल्बम हा शब्द एकदाही नाही? म्हणजे तुमच्या लेखी वर्षभरात जगात कोणी पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत विचार करून काही केलंच नाही का? म्हणून हे पत्र. मी काही समीक्षक वगैरे नाही, ऑफिसात कारकुनी करते आणि रोज छत्रपती संभाजीनगर ते जालना अप-डाउन करते. सिडको बसस्टँडवरून एसटी पकडायची, चिकलठाणा, करमाड, बदनापूर करत सव्वा तासाने जालना, ट्रक आडवा आला तर दीड. बरोबर एक अल्बम बसतो त्यात. बसायला जागा मिळाली नाही तरी अल्बम बसतोच.

महिला सन्मानमुळे तिकीट निम्मं लागतं, त्यातून जे वाचतं त्यात मी गाण्याच्या अ‍ॅपचे पैसे भरते, घरी हा हिशोब कोणाला सांगितलेला नाही. फुकटचं व्हर्जन आधी वापरून बघितलं होतं पण ते गाणी स्वतःच्या मनाने मागेपुढे लावतं आणि करुण रसात असताना मधेच कर्जाची जाहिरात येते, नको बाई.

यावर्षी ज्याने खरंच धक्का दिला तो अरूज आफताबचा 'नाइट रेन'. लाहोरमध्ये वाढलेली बाई, आता न्यूयॉर्कला असते, २०२२ ला ग्रॅमी मिळाला तेव्हा तो मिळवणारी पहिली पाकिस्तानी म्हणून तिचं नाव गाजलं होतं. हा अल्बम मे अखेरीस आला, नऊच गाणी, सगळी रात्रीची. मी सकाळी पावणेआठच्या बसमध्ये ऐकायचे तरी खिडकीबाहेर रात्र आहे असंच वाटायचं. ती गाते म्हणजे गळा अजिबात ताणत नाही, आपल्याकडे गझल म्हटली की हरकती मुरक्यांचा जो पाऊस पडतो तसलं काही नाही, एक ओळ घेते आणि ठेवून देते, मग बराच वेळ नुसती हार्प नाहीतर पियानो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं इअरफोनचं चार्जिंग संपलं.

तर त्यातलं दुसरं गाणं 'ना गुल'. शब्द कोणाचे म्हणून बघितलं तर माह लका बाई चंदा. नाव ओळखीचं नव्हतं. शोधलं, आणि करमाडच्या फाट्यावर बस थांबलेली असताना वाचलं की या बाईचा जन्म १७६८ चा, औरंगाबादचा! आमच्या गावचा! पुढे हैदराबादला निजामाच्या दरबारात मोठं मानाचं स्थान, नाचगाणं, शायरी, वर घोडेस्वारी आणि धनुष्यबाण पण, आणि ज्या काळात बाईने दिवाण (म्हणजे स्वतःच्या गझलांचा संग्रह) काढणं ही गोष्टच नव्हती त्या काळात उर्दूत स्वतःचा दिवाण असलेल्या अगदी पहिल्या बायकांपैकी एक. गेली १८२४ ला, म्हणजे २०२४ ला बरोब्बर २०० वर्षं झाली. वली आणि सिराज या आमच्याकडच्या शायरांची नावं निदान कानावरून गेलेली आहेत, या बाईचं मी ४६ वर्षं या शहरात राहून एकदाही ऐकलं नव्हतं. ते मला लाहोरच्या बाईने न्यूयॉर्कमध्ये बसून सांगितलं. 'साकी' पण तिच्याच शब्दांवर आहे, त्यात विजय अय्यरचा पियानो आहे. माझं उर्दू म्हणजे रिक्षावाल्याशी बोलण्यापुरतं, अर्धे शब्द कळत नाहीत, पण शेजारी बसणाऱ्या एक उर्दू शाळेच्या टीचर आहेत त्यांना एक इअरफोन दिला, त्या बदनापूरपर्यंत काही बोलल्या नाहीत आणि मग म्हणाल्या, "बहेन, हे परत लावा." पुरवणीत २०० वर्षांच्या निमित्ताने तिच्यावर चार ओळी आल्या असत्या तर बरं वाटलं असतं, असो.

दुसरा द क्युअरचा 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड'. तरुण वाचकांसाठी सांगते, हा इंग्लंडचा बँड, गाणारा रॉबर्ट स्मिथ, पिंजारलेले केस, डोळ्यांत काजळ आणि लिपस्टिक फासलेली. माझा मोठा भाऊ इंजिनिअरिंगला असताना यांच्या कॅसेट कुठून कुठून रेकॉर्ड करून आणायचा आणि आई विचारायची की हा माणूस रडतो का गातो. याआधीचा अल्बम २००८ चा, मग १६ वर्षं काही नाही, मी तर आशाच सोडली होती आणि १ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, हा आला. आठ गाणी, ४९ मिनिटं. पहिल्या गाण्यात तीन मिनिटं उलटून जातात तरी स्मिथ तोंड उघडत नाही, नुसते ढोल, गिटार, कीबोर्ड एकमेकांवर चढत जातात. आजकाल रीलवाल्यांना पहिल्या पाच सेकंदांत हुक लागतो म्हणे. इथे सिडको चौकातला सिग्नल लागून सुटतो तरी माणूस गायला सुरुवात करत नाही. शेवटचं गाणं दहा मिनिटांचं, त्यात तर सहा मिनिटं थांबायचं. पण तो आवाज येतो ना, ६५ वर्षांच्या माणसाचा आहे यावर विश्वास बसत नाही, होता तसाच आहे हो. त्या गाण्यात लहानपणी वडिलांसोबत बघितलेला चंद्र आहे, ज्या वर्षी माणूस चंद्रावर उतरला तेव्हाचा.

आणि मधे एक गाणं आहे ते स्मिथने त्याच्या गेलेल्या मोठ्या भावावर लिहिलंय. माझा दादा २०२० ला गेला. यावर जास्त काही लिहीत नाही. एवढंच सांगते की त्या दिवशी बस जालना स्टँडला लागली, सगळे उतरले आणि मी तशीच बसून, शेवटी कंडक्टर आले आणि म्हणाले, "मॅडम, उतरायचं की परत संभाजीनगरचं तिकीट फाडू?"

बाकीचे भरभर सांगते नाहीतर तुम्ही पत्र कापाल. बिली आयलिशचा 'हिट मी हार्ड अँड सॉफ्ट', दहा गाणी, ४३ मिनिटं. या पोरीने आधी एकही गाणं सुटं सोडलं नाही, सरळ अख्खा अल्बम हातात ठेवला आणि म्हणाली ऐका. आज बाविशी तेविशीतली मुलगी असं करते याचंच मला कौतुक. एका गाण्यातून दुसऱ्यात कधी शिरलो ते कळत नाही, बदनापूरच्या अलीकडे संपतो. बियॉन्सेचा 'काउबॉय कार्टर' मात्र २७ ट्रॅकचा, ७८ मिनिटांचा, तो पुरून उरतो, जालन्याला उतरून ऑफिसची पायरी चढेपर्यंत वाजतच असतो. खरं सांगू का, त्यातली सहा सात कमी केली असती तर माझ्या यादीत फार वर गेला असता. पण कंट्री म्युझिक, म्हणजे अमेरिकेतलं गावाकडचं गाणं, हे गोऱ्यांचंच अशी जी समजूत आहे तिच्यावर त्या बाईने असा काही हात टाकलाय, आणि त्यात ८० पार केलेल्या लिंडा मार्टेलला आणून बोलतं केलंय. ग्रँड ओल ऑप्री या कंट्रीवाल्यांच्या मानाच्या स्टेजवर एकटीने गाणारी ही पहिली काळी बाई, आणि पुढे तिचं करिअरच गुंडाळलं गेलं. या एका गोष्टीसाठी बियॉन्सेला बाकी लांबण माफ.

चार्ली एक्ससीएक्सचा 'ब्रॅट' माझ्या पुण्याच्या भाचीने गळ्यात मारला. हिरव्या रंगाचं कव्हर, पोपटी पण नाही, शेवाळी पण नाही, बघवत नाही असं काहीतरी, त्यावर फाटक्या अक्षरात एक शब्द. ब्रिटनच्या कॉलिन्स डिक्शनरीने तो वर्षाचा शब्द केला. मी म्हटलं हे काय धांगडधिंगा, भाची म्हणाली, "मावशी, तू शब्द ऐक ना जरा." ऐकले. या धिंगाण्यात मधेच एक गाणं आहे, मैत्रिणीला मूल झालंय आणि ही विचार करतेय की मला हवंय का, करिअरचं काय, वेळ तर निघून चाललाय. हे तर आमच्या ऑफिसात बायकांचं दुपारी डबा खाताना रोज चालतं की. (चार्लीची आई गुजराती कुटुंबातली, युगांडात वाढलेली, हे पण भाचीनेच सांगितलं.) तरी अख्खा अल्बम सकाळी पावणेआठला झेपत नाही, हा येताना संध्याकाळी ऐकायचा.

आपल्याकडचे दोनच घेतले. एक 'अमरसिंग चमकिला'. तुम्ही म्हणाल हा सिनेमाचा आहे, आहेच, पण ए. आर. रहमान आणि इर्शाद कामिलने सहा गाणी अशी ओवलीत की पहिलं 'बाजा' लावलं की 'विदा करो'पर्यंत थांबवत नाही. चमकिला म्हणजे पंजाबच्या आखाड्यात (कुस्तीच्या नव्हे, गावातल्या उघड्यावरच्या गाण्याच्या कार्यक्रमात) एका तारेची तुंबी घेऊन डबल मीनिंगची गाणी म्हणणारा माणूस, लोक छतावर बसून ऐकायचे आणि दिवसाउजेडी नावं ठेवायचे, ८ मार्च १९८८ ला त्याला आणि त्याच्या बायकोला गोळ्या घातल्या. आपल्या तमाशातल्या बायकांनी जे ऐकून घेतलं तेच की हे, रात्री तंबूत पैसे उधळणारेच सकाळी अश्लील म्हणणार. 'नरम कालजा' हे तर बायकांनी बायकांसाठी म्हटलेलं गाणं, अलका याज्ञिक किती वर्षांनी असं मोकळं गायली. दुसरा दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी या बँडचा, त्याला 'बीटा' म्हणा नाहीतर 'बेटा' म्हणा, दोन्ही चालतं. जुन्या हिंदी सिनेमातल्या हॉटेलात जो बँड वाजायचा ना, हेलन नाचताना मागे, तो बँड म्हातारा होऊन घरी आला आणि गच्चीवर वाजवत बसला तर कसं वाटेल तसं वाटतं. नवऱ्याला आवडला नाही. त्याला २०१९ चा 'बिस्मिल्लाह' पण आवडला नव्हता.

आता तुम्ही विचाराल मराठी कुठाय. तेच तर मी तुम्हाला विचारतेय! कॉलेजात असताना आम्ही 'गारवा' ऐकायचो, मिलिंद इंगळे गायचे आणि गाण्यांच्या मधे सौमित्र कविता म्हणायचे, त्यामुळे काही पुढे ढकलता यायचं नाही, कविता झाल्याशिवाय गाणं सुरू व्हायचंच नाही. पाऊस पडला की होस्टेलच्या चार खोल्यांतून एकाच वेळी वेगवेगळी बाजू चालू असायची. यावर्षी मराठीत व्ह्यूज भरपूर आले, 'तांबडी चामडी'वाली आमची पोरं हॉलंडच्या म्युझिक कंपनीच्या लेबलवर झळकली, छानच आहे, पण मला सिडको ते जालना पुरेल असं सलग मराठी काही मिळालं नाही. असेल तर तुमच्या समीक्षकांनी सांगावं, मी शोधून थकले. आणि नसेल तर ते का नाही यावर कोणीतरी लिहा की, गाणं हिट झालं एवढं आम्हाला फोनवर कळतंच.

पत्र इथेच संपवणार होते पण १६ डिसेंबरचं राहिलं. आदल्या रात्री तबल्याचे झाकीरभाई (झाकीर हुसेन) गेले, नाही गेले असं उलटसुलट चालू होतं, सकाळी सॅन फ्रान्सिस्कोहून पक्की बातमी आली. मी बसमध्ये त्यांच्या शक्ती या बँडचा 'धिस मोमेंट' लावला. तो अल्बम २०२३ चा, या यादीत बसत नाही, पण २०२४ च्या फेब्रुवारीत त्याला ग्रॅमी मिळाला होता आणि झाकीरभाईंनी एका रात्रीत तीन घेतले होते. गिटारवाले जॉन मॅकलॉफलिन आणि झाकीरभाईंनी १९७३ ला सुरू केलेली शक्ती, तिचा ४६ वर्षांनी आलेला स्टुडिओ अल्बम, शंकर महादेवन गायलेत, आणि काय तो तबला, ७० पार केलेल्या माणसाचे हात आहेत ते. डोळे मिटून ऐकत होते. चिकलठाण्याच्या पुढे माझ्या लक्षात आलं की कानात वाजतंय त्याच्यापेक्षा वेगळाच तबला बाहेरून पण येतोय. इअरफोन काढले. दोन सीट पुढे एक आजोबा, धोतर टोपी, मांडीवर पिशवी, हातात मोबाईल, फुल आवाजात झाकीरभाईंचा कुठलातरी जुना कार्यक्रम चालू. एरवी बसमध्ये कोणी असा मोबाईल लावला की आमचे कंडक्टर पहिले ओरडतात. त्या दिवशी ते तिकिटाचं मशीन काखेत धरून आजोबांच्या सीटला टेकून उभे होते आणि करमाड येईपर्यंत त्यांनी कोणालाही तिकीट विचारलं नाही.

आपली,
एक रोजची वाचक
छत्रपती संभाजीनगर