शिरवळच्या चार्जरवर भेटलेल्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, नंबर तर नाहीच. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितोय. एप्रिलमधली दुपार आठवा. शिरवळजवळ हायवेच्या हॉटेलबाहेर चार्जरपाशी पांढरी इलेक्ट्रिक गाडी लावून एक चष्मेवाला माणूस घाम पुसत उभा होता. चार्जिंग दोनदा तुटलं होतं. सोबतचा गाड्यांच्या दुकानातला पोरगा म्हणत होता, "मशीनच खराब आहे, साहेब." तो माणूस मी. तुमची निळी गाडी माझ्या मागे होती.

थोडं माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे तुम्ही माझं किती मोठं काम केलंत ते कळेल. मी साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात ३१ वर्षं काढली आणि मार्चअखेर निवृत्त झालो. पत्नी कराडच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे, घर साताऱ्यात. जाऊन-येऊन रोज शंभरावर किलोमीटर. रात्रपाळी संपली की स्टँडवर एसटीची वाट बघत उभं राहायचं, हे तिने खूप वर्षं केलं. अजून सहा वर्षं नोकरी आहे. पेट्रोलच्या गाडीला रोजचे सहा-सात लिटर लागतील, ते झेपणारं नव्हतं. म्हणून फंडाच्या पैशांतून चार वर्षं वापरलेली इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं ठरवलं. पुण्यात एका दुकानात ही पसंत पडली, अकरा हजारांचं टोकनही देऊन बसलो. त्या दिवशी नुसती लांबची चक्कर मारून बघायची होती. संध्याकाळी बाकीचे पैसे भरणार होतो.

तुम्ही पहिल्यांदा काय केलंत, ते मला फार आवडलं. मशीन खराब की गाडी, यावर वाद घातला नाहीत. म्हणालात, "काका, चार्जरची तीच गन माझ्या गाडीला लावून बघू." लावली. पंधरा मिनिटं चार्जिंग एकदाही तुटलं नाही. मग मोबाइलच्या उजेडात माझ्या गाडीचं चार्जिंग पोर्ट दाखवलंत. वरच्या भागातल्या एका पिनेभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी पडलं होतं. "घरच्या चार्जिंगची पिन आहे ही. इथे गन सैल बसत असणार, तापलीय." मी ते पोर्ट दुकानात उघडून पाहिलं होतं, पण पाहायचं काय हेच माहीत नव्हतं.

मी तुम्हाला मोठ्या कौतुकाने सांगितलं, की निघताना काट्यावर अजून २१० किलोमीटर जाईल असं दाखवत होतं. तेव्हा तुम्ही समजावलंत, की तो आकडा बॅटरीची तब्येत सांगत नाही. गाडी आधी जशी चालवली गेली त्यावरून तो पुढचा अंदाज बांधते. आठ दिवस शहरात हळू फिरवली तर आकडा वाढतो, घाटात दामटली तर घटतो. दुकानातल्या गाड्या बहुतेक हळूच फिरतात.

आणि मग तो हिशेब. जन्मभर ताळेबंद मांडलेल्या माणसाला तुम्ही हॉटेलच्या बिलाच्या पाठीवर चार ओळींत बॅटरी मोजायला शिकवलंत! ते बिल मी जपून ठेवलंय. ट्रिप मीटरवर ५० किलोमीटर. गाडीने दाखवलेली सरासरी, किलोमीटरला १४० वॅट-अवर. म्हणजे खर्च झाली सात युनिट, लाइटबिलात येतात तीच युनिटं. तेवढ्यात बॅटरी १०० वरून ६८ वर आली, ३२ टक्के गेले. आता ३२ टक्के म्हणजे सात युनिट, तर १०० टक्के म्हणजे किती? साधारण २२. कागदावर बॅटरी ३० युनिटची. राहिली ७३ टक्के.

मी म्हणालो, घाट लागतो, एसी चालू होता, म्हणून जास्त खर्च झाला असेल. तुम्ही म्हणालात, "ते सगळं त्या सरासरीत आलंच की, काका." खरंच की. घाटाने सरासरी वाढेल, पण युनिटाला टक्के किती जातात ते बॅटरीच ठरवणार. हा ढोबळ हिशेब आहे, हेही तुम्हीच बजावलंत. काही गाड्यांत वरचे १०० टक्के बराच वेळ १०० च दिसतात, म्हणून मोजणी नव्वदच्या आसपास सुरू करावी आणि निदान ४०-५० टक्के खर्च होऊ द्यावेत. थोड्या अंतरावर एका टक्क्याची चूकसुद्धा मोठी दिसते.

त्यानंतरचं तुमचं बोलणं मी कधी विसरणार नाही. माझी समजूत अशी, की बॅटरीला आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे, चारच वर्षं झालीत, मग चिंता कसली? तुम्ही विचारलंत, "वॉरंटीत बॅटरी कधी बदलून देतात, ते वाचलंय का?" वाचलं नव्हतं. सर्वसाधारणपणे क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तरच. शिवाय आठ वर्षं धरायची पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून, आपण गाडी घेतल्यापासून नव्हे. म्हणजे ७३ टक्क्यांची बॅटरी ही सगळ्यात अवघड जागा. आपल्याला ती कमी पडत जाणार, आणि कंपनीच्या लेखी ती ठीकच. पत्नीची नोकरी सहा वर्षं, वॉरंटी उरलेली चार. हे गणित घरी बसून मला सुचायला हवं होतं. सुचलं नाही, ते तुम्ही दाखवलंत.

मग तुमच्या डिकीतून ते छोटं यंत्र आलं. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खुपसलंत आणि मोबाइलवर बॅटरीतल्या एकेका सेलची व्होल्टेजं उमटली. बाकीचे सगळे जवळजवळ सारखे, दोन मात्र खाली. मला कळेना म्हणून तुम्ही लोणंदच्या रस्त्याने जाणाऱ्या वारीचा दाखला दिलात. दिंडी चालते ती सगळ्यात दमलेल्या वारकऱ्याच्या चालीने. तसं सगळ्यात कमजोर सेल रिकामा झाला की पूर्ण बॅटरीला थांबावं लागतं, बाकीच्यांत चार्ज शिल्लक असला तरी. तुम्ही पुण्यात ई-बसच्या डेपोत काम करता हे तेव्हा कळलं. पीएमपीच्या ई-बस २०१९ पासून मी रस्त्यावर बघत होतो. त्यांच्या पोटात हात घालणारी माणसं कोण असतील, हा विचार कधी डोक्यात आला नव्हता.

इथवर मी मनात भाव पाडायचं ठरवत होतो. चाळीस-पन्नास हजार कमी करतील, पोर्ट बदलून देतील, घेऊन टाकू. मग तुम्ही विम्याची पॉलिसी मागितलीत. ती माझ्या मोबाइलवर होती, पण मी त्यात नुसती मुदत पाहिली होती. तुम्ही नो क्लेम बोनसच्या, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल मिळणाऱ्या सवलतीच्या, ओळीवर बोट ठेवलंत. शून्य. "एकच मालक, चार वर्षं झाली, विमा कधी खंडित नाही. एकही क्लेम नसता तर इथे ४५ टक्के दिसायला हवे होते. गेल्या वर्षी क्लेम घेतलाय, काका. कशाचा, ते विचारलंत का?" पोरगा म्हणाला, बंपरला ओरखडा होता. तुम्ही काहीच बोलला नाहीत. ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट धरलात आणि ओढत राहिलात, अगदी शेवटपर्यंत. रोज जेवढा बेल्ट बाहेर येतो तेवढा स्वच्छ होता. त्याच्या पलीकडे, गुंडाळीत राहणाऱ्या भागावर, एक आडवी मातकट रेघ.

ताई, सांगलीत माझी बहीण राहते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ओसरल्यावर मी तिच्या घरातला गाळ पाट्यांनी काढलाय. २०२१ ला पुन्हा काढलाय. तो वास एकदा नाकात बसला की जात नाही. त्या गाडीत बसताना पहिल्याच क्षणी, अत्तराच्या मागून, तो वास मला आला होता. मी मनावर घेतलं नाही, कारण गाडी मला आवडली होती. तुम्ही सीटखालची मॅट उचलून गंजलेले बोल्ट दाखवलेत तेव्हा माझे हात थरथरत होते.

बॅटरीची पेटी पाण्यापासून सुरक्षित असते ना, असं मी विचारलं. तुम्ही सांगितलंत, की पाणी-धूळ रोखण्याच्या ज्या आयपी ६७ दर्जाचा दाखला सगळे देतात, तो एक मीटर पाण्यात अर्ध्या तासाचा आहे. रस्त्यावरच्या तळ्यातून जाण्यासाठी ते पुरे. रात्रभर पुरात उभ्या राहिलेल्या गाडीची हमी त्यात नाही. पेटी शाबूत राहिली तरी कनेक्टर, वायरिंग, मोटरजवळची इलेक्ट्रॉनिक्स आतून हिरवट होत जातात, आणि एक दिवस इन्सुलेशनचा, म्हणजे वीजगळतीचा, इशारा लागून गाडी जागेवर थांबते. पुराचं नुकसान वॉरंटीतही धरत नाहीत. मध्यरात्री पाळी संपवून निघालेली पत्नी उंब्रजजवळ अंधारात उभी, एवढंच माझ्या डोळ्यांसमोर आलं.

आणि तरीही तुम्ही "घेऊ नका" म्हणाला नाहीत. "आता तुम्हाला दिसलंय, तुम्ही ठरवा," एवढंच म्हणालात. बिलाच्या उरलेल्या जागेत पुढच्या गाडीसाठी बारीक अक्षरात लिहून दिलंत आणि निघालात. चहासुद्धा घेतला नाहीत, डेपोत पाळी होती.

गाडी संध्याकाळी परत केली. टोकनातले पाच हजार मिळाले, बाकीचे नाही. त्याचं मला काही वाटत नाही.

त्यानंतर अडीच महिने तुमचं बिल खिशात घेऊन फिरलो. एका गाडीच्या हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं होती, पण आरसीचा इतिहास काढला तर ती आधी टॅक्सी होती, म्हणजे तेव्हा पिवळी अक्षरं असणार. तीन वर्षांत लाखावर किलोमीटर, तेही बहुधा रोजच्या फास्ट चार्जिंगवर. दुसरी रॅम्पवर चढवली तर बॅटरीच्या पेटीला खालून खोल पोचा, कुठल्या तरी गतिरोधकाची खूण. तिच्यासोबत घरी चार्ज करायची केबलही नव्हती. दोन्हींना नमस्कार केला.

शेवटी साताऱ्यातच एका डॉक्टरीणबाईंची गाडी मिळाली. तीन वर्षांची, एकच मालक, बोनस ३५ टक्के, सीटबेल्ट टोकापर्यंत स्वच्छ. त्यांच्या परवानगीने पत्नीच्याच रस्त्याने कराडला जाऊन आलो. १०४ किलोमीटर, सरासरी १३२, बॅटरी ९४ वरून ४४. रस्त्याच्या कडेला थांबून हिशेब केला, बॅटरी साडेसत्तावीस युनिटची भरली. पुन्हा केला. तेवढीच! ३० टक्क्यांवर आणून फास्ट चार्जरला लावली, चार्जिंग एकदाही तुटलं नाही. मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीचा अहवाल घेतला, वॉरंटी दुसऱ्या मालकाच्या नावावर होते याची लेखी खात्री केली आणि मगच पैसे दिले. चौदा दिवसांच्या आत विमा नावावर करायला सांगितलं होतंत, तो नवव्या दिवशी केला. गाडीच्या मोबाइल ॲपमधून जुन्या मालकाचं खातं काढायला सांगितलं होतंत, तेही बाईंनी माझ्यासमोर काढलं. त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं, की विकल्यानंतरही आपली गाडी कुठे फिरतेय ते त्यांच्या मोबाइलवर दिसत राहिलं असतं.

आता पत्नी पाळी संपली की स्वतः गाडी चालवत येते. पहाटे फाटकाशी गाडीचा आवाज येत नाही, नुसता उजेड पडतो. मी उठून प्लग लावतो. सॉकेट नवं बसवून घेतलंय, पंधरा अँपिअरचं, स्वतंत्र वायर ओढून, अर्थिंग तपासून. आठवड्यातून एकदा हात लावून बघतो, तापत नाही ना.

तुम्ही त्या दिवशी पाऊण तास दिलात. एका अनोळखी माणसासाठी गुडघे टेकून गाडीखाली वाकलात, तुमच्या निळ्या ड्रेसला ग्रीस लागलं. माझा फंड वाचला तो वाचलाच, पण पत्नीला रात्री रस्त्यावर अडकवणारी गाडी मी स्वतःच्या हाताने घरी आणणार होतो, ते टळलं. तिने तुम्हाला पाहिलेलं नाही. तरी कुणी गाडीबद्दल विचारलं की ती "शिरवळच्या ताईंनी सांगितलंय" अशीच सुरुवात करते.

पुण्याला जाताना गरज नसली तरी आम्ही त्या चार्जरवर थांबतो आणि निळी गाडी दिसते का ते बघतो. दर वेळी साताऱ्यातून कंदी पेढ्यांचा एक पुडा बरोबर घेतो. येत्या रविवारीही सकाळी दहाच्या सुमारास तिथे आहोत. पेढे ताजे असतील.

तुमचा ऋणी,
पांढऱ्या गाडीवाला काका
सातारा