बाबा, अडतंय ते बाहेर जाताना

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर दम लागण्याचा विषय काढला की बाबा ‘बरं, बरं’ म्हणत फोन तुझ्याकडे देतात, आई. म्हणून लिहायला बसले. हा कागदही त्यांनी तुझ्याकडे सरकवला, तर मोठ्याने वाचून दाखव.

बाबा, रविवारी तुम्ही मला ते अडकलेलं कुलूप कसं उघडलंत ते सांगत होतात. पाच-सहा शब्द झाले की थांबायचं, श्वास घ्यायचा, मग पुढचे शब्द. गेल्या वर्षीपर्यंत अशी गोष्ट एका दमात व्हायची. आई म्हणाली, वय झालं. मी रोज लोकांना मशीनमध्ये फुंकायला लावते, त्यामुळे वयाचा वाटा किती ते मला ठाऊक आहे. पंचविशी-तिशीनंतर, पहिल्या सेकंदात जोर लावून बाहेर टाकता येणारी हवा दर वर्षी साधारण २५ ते ३० मिलिलिटरने कमी होते. ते सगळ्यांचंच होतं. पण तेवढ्याने कुणी सपाट रस्त्यावर आईच्या मागे पडत नाही.

तुमची तक्रार अशी की हवा आत जात नाही. बिघडलेली वस्तू उघडून बघितल्याशिवाय तुम्हाला चैन पडत नाही, तर आज हीही उघडून बघा.

फुफ्फुसं स्वतःहून फुगत नाहीत. त्यांच्याखाली घुमटासारखं श्वासपटल असतं. ते आकसलं की सपाट होतं, बरगड्या वर आणि बाहेर सरकतात, छातीत जागा वाढते, आतला दाब किंचित उतरतो आणि हवा आपसूक आत येते. बाहेर पडताना तर एरवी काही करावंच लागत नाही. ताणलेलं रबर सोडल्यासारखी फुफ्फुसं आपणहून आकसतात. निवांत बसलेलं असताना एका श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा, मिनिटाला १२ ते २० वेळा. आत नळीला फाटे फुटतात, त्या फाट्यांना आणखी फाटे, असं वीसहून जास्त वेळा होतं आणि शेवटी वायुकोशांचे घोस लागतात. एकूण तीस ते पन्नास कोटी. तिथे हवा आणि रक्त यांच्यामध्ये एक मायक्रॉनहूनही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही, पातळ पडदा उरतो. ऑक्सिजन त्यातून रक्तात जातो, कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो.

आता बिघाड. वर्षानुवर्षं धूर गेला, मग तो सिगारेटचा असो की चुलीचा, की वायुकोशांमधल्या भिंती झिजतात आणि ते रबर सैल पडतं. बारीक नळ्यांना चहूबाजूंनी ताणून उघडं ठेवणारं तेच असतं. ते सैल झालं की श्वास सोडताना नळ्या मिटतात आणि हवा मागे अडकते. ती निघायच्या आतच पुढचा श्वास सुरू होतो. छाती आधीच भरलेली, श्वासपटल आधीच सपाट, मग नवी हवा मावणार कुठे? जिना चढताना श्वास भरभर चालतो, सोडायला वेळ आणखी कमी मिळतो, म्हणून तिसऱ्या पायरीपेक्षा दहाव्या पायरीवर जास्त गुदमरतं. अडचण सोडण्यात असते, आणि माणसाला वाटतं की घेताच येत नाही.

तुम्हाला हेच आहे असं मी म्हणत नाही. हृदय थकलं तरी दम लागतो, अंगात रक्त कमी असलं तरी लागतो. फायब्रोसिसमध्ये उलटाच प्रकार, फुफ्फुस ताठर होतं आणि ताणलंच जात नाही. म्हणूनच म्हणते, फुंकायची टेस्ट करा. खोल श्वास घेऊन सगळी हवा जोरात फुंकायची. त्यातली पहिल्या सेकंदात किती गेली ते बघतात. औषध देऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. तरीही ती सत्तर टक्क्यांहून कमी भरली तर नळ्या अडलेल्या आहेत आणि सीओपीडी, म्हणजे नळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, असण्याची शक्यता मोठी. हे फुंकायचं यंत्र १८४६ मध्ये जॉन हचिन्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरने मांडलं, दोन हजारांवर माणसांना त्यात फुंकायला लावून. तुमचं आणि त्याचं छान जमलं असतं.

आणि ते बोटाला लावायचं यंत्र मला दाखवू नका. ९६ आकडा आला याचा अर्थ रक्तात ऑक्सिजन पोहोचतोय, एवढाच. नळ्या किती अरुंद झाल्या ते त्याला कळत नाही. सिगारेट सोडून १५ वर्षं झाली हेही माहीत आहे. त्याने घसरण मंदावली, हा मोठाच फायदा. पण झिजलेल्या भिंती पुन्हा उभ्या राहत नाहीत.

आई, तुझी गोष्ट वेगळी. दम्यात नळ्यांच्या आतून सूज येते आणि त्या आवळतात, पण औषधाने बऱ्याच मोकळ्या होतात. तू मात्र धाप लागली की निळा पंप ओढतेस आणि सुजेवरचा रोजचा पंप ‘सवय लागेल’ म्हणून कपाटात ठेवतेस. निळ्याने नळी तेवढ्यापुरती उघडते, सूज तशीच राहते. सवयीचं म्हणशील तर, निळ्या पंपातल्याच औषधाची गोळी ४ मिलिग्रॅमची असते आणि पंपाचा एक फवारा १०० मायक्रोग्रॅमचा, म्हणजे चाळीसपट कमी. रोजचा पंप घेतलास की चूळ भर, नाहीतर तोंड येतं. आणि स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचं ते नळकांडं, लाव, नाहीतर बरंचसं औषध घशातच बसतं.

एक काम तुझ्यावर. बाबा झोपले की पूर्ण एक मिनिट त्यांचे श्वास मोजून ठेव. ते मिनिटाला पंचवीसच्या वर जायला लागले तर आधी डॉक्टरांना फोन कर, मग मला. उतारवयात न्यूमोनिया कधी कधी ताप न येताच येतो, माणूस नुसता गोंधळल्यासारखा बोलायला लागतो. तेव्हा ‘आज काहीतरीच बोलतायत’ म्हणून हसू नकोस. आणि दोघांपैकी कुणाचाही खोकला दोन आठवड्यांवर गेला तर थुंकी तपासून घ्यायची. टीबी औषधांनी बरा होतो, पण आधी सापडायला हवा.

तोपर्यंत बाबा, जिन्यावर नाकाने श्वास घ्या आणि शीळ घालताना करतो तसे ओठ करून हळूहळू सोडा, घेतला त्याच्या दुप्पट वेळ. ओठांशी थोडा अडथळा आला की आत दाब टिकतो आणि त्या बारीक नळ्या लगेच मिटत नाहीत. दोन दिवस करून बघा, मग मला नावं ठेवा.

पुढच्या महिन्यात मी येतेय, टेस्टला आपण बरोबर जाऊ. पोट गच्च भरून यायचं नाही, कपडे सैल घालायचे. कवळीचं म्हणाल तर ती नीट बसत असेल तर काढायची नाही, ओठ नळीभोवती घट्ट मिटतात. सैल असेल तर आईच्या पिशवीत.

तुमची,
धाकटी